शिजवून दे म्हणाला

माझ्या धाकट्या भावाला, लूशसला, पकडून नेलं त्या दिवसापासून गाडी दारापुढे हळू झाली तरी मी पडद्याआडून बघायचे. शेगडी माझी होती. भांडंही माझंच.

आमच्या मोबील शहरातली कागदगिरणी बंद पडली, लूशसचं काम गेलं आणि लूशस कोकेनची पावडर विकायला लागला. मी भांडभांड भांडले, पण ऐकतो कोण! एका दुपारी रे नावाचं नवं गिऱ्हाईक घरी आलं. मी आत इस्त्री करत होते, दार उघडंच होतं.

"पावडर नको," रे म्हणाला. "खायचा सोडा घालून शिजवून दे. मला खडे पाहिजेत."

"मी ते करत नाही बाबा. आहे तशी घे."

"शिजवून दिलीस तरच घेणार."

लूशसनं भांडं काढलं तशी मी ओरडले, "माझ्या घरात नाही हं!"

"ताई, फक्त या एकाच वेळी!" तो म्हणाला.

रे पोलिसांचा माणूस निघाला; खड्यांची पिशवी हातात पडताच त्यानं लूशसला पकडलं.

आमचे वकील, पेटवेसाहेब, आमच्याच वस्तीत वाढलेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "पावडर असती तर दीड-दोन वर्षांत घरी आला असता. पण एक ग्रॅम खडे म्हणजे शंभर ग्रॅम पावडर, असं हा कायदा धरतो. कमीत कमी दहा वर्षं."

"पण माल तर एकच ना?"

"एकच. फक्त पावडर सापडते गोऱ्यांच्या बंगल्यांत आणि खडे आपल्या गल्लीत. कायदा केला तेव्हा निवडणूक तोंडावर होती. टीव्हीवर रोज आपल्या काळ्या पोरांना बेड्या घातलेल्या दाखवायचे. लोक घाबरले, मतं पडली."

"म्हणजे रेनं मुद्दाम शिजवायला लावलं?"

"मग काय, चव आवडते म्हणून?"

दोन दिवसांनी सरकारी वकिलाचा माणूस माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. आवाज अगदी गोड. "शेगडी तुमची, म्हणजे कटात तुम्हीही. भावाविरुद्ध साक्ष द्या. नाहीतर मुलीला कोण सांभाळणार?"

त्याच संध्याकाळी माझ्या मुलीला, जॉयसलिनला, मी बसमध्ये बसवून डेमोपोलिस गावी माझ्या बहिणीकडे पाठवून दिलं.

साक्ष मी त्यांच्या बाजूनं दिली नाही. शिक्षा ठरायच्या दिवशी मी न्यायाधीशांसमोर उभी राहिले. पेटवेसाहेबांनी आधीच बजावलं होतं, "बोललात तर शेगडी तुमची हे तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल, मग तुम्हाला वाचवता येईल असं सांगत नाही." तरी रे काय म्हणाला, लूशस काय म्हणाला, सगळं सांगितलं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण पिशवीत जे सापडलं त्यावरच मला शिक्षा द्यावी लागते. यात मला काही करता येत नाही."

दहा वर्षं. शिपायांनी लूशसला दंडाला धरून नेलं. मागच्या बाकावरून तो गोड आवाजाचा माणूस माझ्याकडेच बघत होता.

माझ्यावर खटला भरला नाही. पण पेटवेसाहेब म्हणतात, मुदत संपलेली नाही, अजून भरू शकतात. जॉयसलिन डेमोपोलिसलाच आहे. फोनवर विचारते, "आई, आता येऊ?"

"इतक्यात नको गं," मी म्हणते.