शेळा मिटला पाहिजे

छगनभाऊंचा अमळनेरहून शिल्पाला फोन आला, तो असा की पऱ्हाटीचा ढीग पेटवला आणि त्यातून साळूचं पिल्लू धुमसत बाहेर पडलं. कापूस वेचून झाला की उपटलेल्या झाडांचे ढीग बांधावर लावायचे आणि एका दुपारी काडी ओढायची, हे खानदेशात दरवर्षीचंच. त्या ढिगाखाली कोणी संसार मांडलाय का, हे वाकून कोण बघतो? छगनभाऊंनीही बघितलं नव्हतं. पण नंतर त्यांचा जीव हळहळला आणि ते स्वतः खोकं मांडीवर घेऊन एसटीनं जळगावला आले, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

शिल्पानं खोकं उघडलं. साळू कुठे आणि हा कुठे! मोठ्या पेरूएवढा जीव, टोकदार ओलं नाक, बोटभर काटे नाहीत की काही नाहीत, नुसता खरखरीत ब्रश. गुजरातच्या अंगाला याला शेळा म्हणतात, शिल्पाही तेच म्हणायची. मराठीत त्याला जाहक असं भारदस्त नाव आहे, पण त्या नावानं हाक मारायची तर आधी घसा खाकरावा लागतो.

शिल्पा जळगावच्याच पिंप्राळ्यात राहणारी, दिवसभर बँकेत आणि उरलेल्या वेळात जखमी घुबडं, धामणी आणि पंख मोडलेल्या घारींच्या सेवेत. वनखात्याला कळवून, रीतसर. तिच्या नवऱ्याचं, प्रशीलचं, म्हणणं एवढंच होतं की आपल्याकडे एकदा तरी दोन पायांचा, न चावणारा पाहुणा यावा. शेळ्याला जुन्या कूलरच्या टाकीत माती आणि पालापाचोळा घालून घर मिळालं.

त्याच्या पाठीचे काटे एका बाजूनं जळाले होते आणि कातडी होरपळली होती. जनावरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि खरं काय ते सांगितलं. शेळ्याच्या कातडीखाली स्नायूचं एक कडं असतं, बटव्याच्या नाडीसारखं. संकट दिसलं की तो नाडी खेचतो आणि नाक, पाय, पोट सगळं आत घेऊन मिटतो. कोल्हा काय, कुत्रा काय, मग कोणाची टाप नाही. नाडीच जळली असेल तर मात्र हा माळावर एक रात्र टिकायचा नाही. मिटला तर रान, नाही मिटला तर जन्मभर पिंजरा.

जखम भरत गेली. छगनभाऊ शेतातली हुमणी डब्यात भरून पाठवायचे. कापसाची मुळं कुरतडणारी ही अळी शेतकऱ्याला डोळ्यासमोर नको असते, शेळ्याला मात्र पुरणपोळीच. शिल्पा एकेक अळी चिमट्यानं भरवायची, पुढे चिमटाही सुटला.

एका संध्याकाळी ती काळा मसाला वाटून तशीच हात पुसून टाकीपाशी आली. शेळ्यानं तिचं बोट हुंगलं, चाटलं, आणि बघता बघता त्याच्या तोंडाला फेस आला. शिल्पाच्या काळजाचं पाणी झालं. विष चढलं की काय? ती फोनकडे धावली. डॉक्टर म्हणाले, गप उभ्या राहा आणि नुसतं बघा.

तिनं बघितलं. शेळ्यानं मान अशी मागे वळवली की मोडेल असं वाटावं, जीभ लांब काढली, आणि तो फेस स्वतःच्या काट्यांवर लावायला लागला. या बाजूनं, त्या बाजूनं, तोल जाऊन पडला तरी पुन्हा उठून. एखादी बाई सणाला भिंत सारवते तितक्या मन लावून. उग्र, नवा वास मिळाला की हे असं करतात, का करतात ते अजून कोणालाच नीट ठाऊक नाही, असं डॉक्टर सांगत होते. शिल्पाला ऐकू येत नव्हतं. आपल्या पाट्यावरचा मसाला एक रानटी जीव अंगावर माखून घेतोय, या विचारानंच तिच्या अंगावर काटा आला होता.

त्यानंतर ती त्याच्यात गुंतली. आणि शेळा मिटेना. ती पाठीला हात लावायची, तो नाक वर करून तिचा तळवा हुंगायचा. उचललं तर हातावर पसरायचा. वनरक्षक योगराज येऊन बघून गेले आणि मान हलवून म्हणाले, कडं गेलं असणार, ताई. अमावस्येपर्यंत वाट बघू, नाहीतर प्राणिसंग्रहालयाला कळवावं लागेल. शिल्पाला जेवण गोड लागेना.

अशात सासूबाई आल्या. लिलाबाई गावाहून भरिताची वांगी घेऊन आल्या आणि गॅलरीत कूलरची टाकी बघून त्यांनी आपल्या ठेवणीतल्या आवाजात विचारलं, "हाई काय शे व?" तो आवाज शिवार ओलांडून जाणारा. वांग्यांची पिशवीही धपकन खाली पडली.

फुस्स झालं. टाकीत शेळा नव्हता. एक चेंडू होता, वरून खालून काटेच काटे, नाकाचा पत्ता नाही, पायांचा पत्ता नाही. जळक्या बाजूची नवी कातडीसुद्धा पुढे ओढली जाऊन शिवण मारल्यासारखी बसली होती. शिल्पा टाकीपाशी मटकन बसली आणि रडायलाच लागली. एवढासा जीव आणि स्वतःच स्वतःचा किल्ला! दार लावतो ते आतून, आणि दार म्हणजेही तोच.

"मिटला, आई! मिटतो तो!"

लिलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शिल्पाला टाकीत हात घालायला लावला. चेंडूनं मसाल्याचा वास ओळखला असावा, काटे निवले, नाक बाहेर आलं, शेळा उलगडला. लिलाबाई टाकीवर वाकल्या.

"माले घाबरना तो," त्या हळू म्हणाल्या. "तुले तो माणूस समजतच नही."

हे शिल्पाला चपराकीसारखं लागलं, कारण ते खरं होतं. कडं शाबूत होतं. बिघडलं होतं ते तिच्या लाडानं. तिच्या हाताला सोकावलेला शेळा उद्या कोणाच्याही हातात जाऊन बसला असता.

मग तिनं माया आवरली. बोलणं बंद, भरवणं बंद. हुमणी मातीखाली पुरून ठेवायची, शोधेल तो. आणि तो जवळ आला की थाळी वाजवायची. पहिल्या वेळी थाळी वाजली तेव्हा शेळा दचकला, थांबला, आणि नाक वर करून तिलाच शोधू लागला. शिल्पाला वाटलं, आपण लेकराला दारातून हाकलतोय. लिलाबाई तिची चेष्टा करायला आल्या होत्या, पण तिचा चेहरा बघून त्यांनीच थाळी हातात घेतली. पुढे दोघी आळीपाळीनं वाजवत राहिल्या. शेजारच्यांना वाटलं, या घरात रोज आरती होते.

अमावस्येच्या आदल्या दिवशी योगराजांच्या जीपमधून सगळे छगनभाऊंच्या शेतामागच्या माळावर गेले. ऊन उतरलं होतं, बोरीच्या जाळ्यांखाली सावल्या लांबल्या होत्या. योगराजांनी आधीच बजावलं होतं, तुमच्या हाताला मिटला तरच सोडायचा, नाहीतर खोकं परत. लिलाबाईंनी सकाळी मुद्दाम शिल्पाकडून मसाला वाटून घेतला होता. परीक्षा घ्यायची तर पुरती घ्यावी.

शेळा जमिनीवर ठेवला. शिल्पानं तळवा पुढे केला. त्यानं नाक वर केलं, वास घेतला, एक पाऊल पुढे टाकलं. पुढे येऊ नकोस रे, ती मनात म्हणाली, आणि त्याच वेळी एका कोपऱ्यात तिला वाटत होतं, ये.

तिनं हात त्याच्या पाठीवर ठेवला. फुस्स झालं आणि सगळे काटे एकदम तिच्या तळव्यात रुतले. हाताखाली काट्यांचा एक घट्ट, संतापलेला गोळा होता, तिला अजिबात न ओळखणारा. योगराजांनी खोकं मिटून बाजूला ठेवलं.

सगळे मागे सरकले आणि निश्चल उभे राहिले. बऱ्याच वेळानं गोळ्याला चीर पडली, नाक निघालं, माळाचा वास घेतला. मग शेळा खुडखुड करत बोरीच्या जाळीत शिरला. त्यानं मागे वळून बघितलं नाही.

लिलाबाईंनी सुनेचा हात उलटा करून बघितला. बारीक बारीक रक्ताचे थेंब आले होते.

"लागनं का व?"

"लागलं, आई," शिल्पा डोळे पुसत हसली. "पहिल्यांदाच लागलं."