चित्रातली अक्षरं

"चित्रात वेडीवाकडी अक्षरं दिसतील, ती बघून खाली टाइप करायची. झालं! एका मिनिटाचं काम," सेक्रेटरी म्हणाले.

हॉलमध्ये चाळीस माणसं होती. त्यात डोळस तेवढे हे एकटेच.

"कोणी बघायची?" ऑपरेटरबाईंनी विचारलं.

बाईंनी हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्सचेंजवर तीस वर्षं काढली होती. दृष्टी लहानपणीच गेलेली. निवृत्तीनंतर चौदा वर्षं त्या अंध मंडळींची मेलिंग लिस्ट सांभाळत होत्या. एकाने ईमेल लिहिली की ती सहाशे जणांना पोचायची, आणि उत्तरही सगळ्यांना. आता ज्या सर्व्हिसवर ही लिस्ट होती, तीच गाशा गुंडाळणार होती. बाई कमिटीत असूनही बाकीच्यांनी परस्पर एक अ‍ॅप ठरवलं होतं. त्यात सामील व्हायचं तर आधी ते अक्षरांचं चित्र.

"अहो बाई, घरातलं कोणीतरी बघेल की! एकदाच तर करायचंय."

"मी एकटा राहतो," मागून वेताच्या खुर्च्या विणणारे काका म्हणाले. "शेजाऱ्याचं दार वाजवू?"

"आणि जुनी पत्रं?" बाईंनी विचारलं.

"तो चौदा वर्षांचा पसारा कशाला हवाय? नव्याने सुरुवात करू."

बाईंची कानशिलं तापली. त्या पसाऱ्यात काय नव्हतं? एकट्याने रस्ता कसा ओलांडायचा, तान्ह्या बाळाला औषध कसं मोजून पाजायचं, मुलाखतीत 'तुम्हाला जमेल का?' असं विचारलं तर काय ठणकावायचं. लिहिणाऱ्यांतले कितीतरी आता हयातही नव्हते.

त्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. "हा माझा. याची स्क्रीन मी कायम बंद ठेवते. करा मला सामील."

"हा काय पोरखेळ?"

"मग पोरखेळ समजून करा."

सेक्रेटरींनी चार कळा दाबल्या. लॅपटॉप स्क्रीनवरचं मोठ्याने वाचू लागला, "बटण. बटण. चित्र." पुन्हा, "चित्र." तिसऱ्यांदा "चित्र" आलं तेव्हा मात्र हॉल खदखदून हसला.

"कमिटीचा निर्णय झालाय!" सेक्रेटरी कडाडले.

"मग कमिटीनेच वापरावं ते. लिस्ट कुठे न्यायची ते मी बघते."

आठवडाभर बाई एकेक सर्व्हिस कानाने तपासत बसल्या. एकीत पुन्हा तेच चित्र. दुसरीत प्रत्येक पत्राच्या डोक्यावर जाहिरात. कोणी गेल्याची बातमी ऐकायची तर आधी गाद्यांचा सेल ऐका. तिसरी अगदीच साधी वाटली, म्हणून बाईंनी तिच्या मदत-केंद्राला तीन प्रश्न पाठवले. नुसत्या ईमेलने सामील होता येईल? जुनी पत्रं आणता येतील? उद्या नाही पटलं तर आमचे पत्ते आणि पत्रं घेऊन निघून जाता येईल?

तिथल्या कोणा बाईचं उत्तर आलं, "हो. हो. हो, आणि आम्ही अडवणार नाही."

बाईंनी तीच धरली.

चार दिवसांत सगळी पत्रं नव्या जागी आली. सदस्यांना पहिली ईमेल गेली, तेव्हा अकरा पत्त्यांवरून ती परत आली. हे गेलेले अकरा जण कोण, ते बाईंना बघायची गरज नव्हती. प्रत्येकाचं नाव त्यांनी मोठ्याने उच्चारलं, मगच पत्ता काढला. पत्रं तशीच ठेवली.

दुपारी सेक्रेटरींचा फोन आला. "तुम्हाला कमिटीतून काढलंय. बोर्डावरचं नावसुद्धा पुसलं."

"पुसा की! तो बोर्ड मी कुठे वाचला होता?" बाईंनी फोन ठेवला. मग लॅपटॉप पुढे ओढला.

सोमवारी सकाळी नव्या लिस्टवर एका अनोळखी बाईचं पत्र आलं. कोणाच्याही मदतीशिवाय सामील झाली होती. "दोन महिन्यांपूर्वी माझे डोळे गेले. चहा ओतताना सांडतो. घरचे म्हणतात, तू आता बसून राहा. काय करू?"

बाईंनी लिहिलं, "बसू नका."

पुढचं वाक्य जुळवेपर्यंत काकांचं उत्तर येऊन थडकलंसुद्धा. "कपाच्या आत कडेला बोटाचं टोक ठेवा, चहा लागला की थांबा. पहिल्यांदा भाजेल."