तळ्यावरचा धूर

घरात ती सगळ्यांत लहान, म्हणून चाळिशी उलटली तरी नाव धाकटीच राहिलं. हवामान कार्यालयात तिचं काम ठरलेलं होतं: डोंगरात वणवा पेटला की उपग्रहाच्या चित्रांत धूर हुडकायचा, तो कुठं सरकतोय त्याची रेघ ओढायची आणि वाटेतल्या गावांना सावध करायचं.

त्या आठवड्यात वणवा हाताबाहेर गेला. धुराची करडी शेपटी थेट थोरल्या भावाच्या गावाकडे निघाली. तिथंच आप्पा, तिचे वडील, राहायचे. दमा जुना, जिना चढला तरी धाप लागायची. तिनं दुपारीच फोन लावला.

"दादा, आप्पांना घेऊन मावशीकडे जा. तळ्याकाठी हवा स्वच्छ आहे."

"अगं, पण ते ऐकतील तर ना! खुर्ची सोडत नाहीत."

मागून आप्पा ओरडले, "तिला विचार, तिच्या त्या वरच्या डोळ्याला माझं टक्कल दिसतं का!"

"दिसतं, म्हणून तर सांगतेय."

आप्पा खो खो हसले, हसता हसता खोकले आणि लेकीचा शब्द मोडवेना म्हणून गाडीत बसले.

अंधार पडला की उपग्रहाला आग दिसते, धूर दिसत नाही. धाकटीला हे चांगलं ठाऊक होतं. पण वारा सकाळपर्यंत तसाच राहील असा अंदाज होता. त्यावर भिस्त ठेवून ती घरी गेली आणि निर्धास्त झोपली.

सकाळी तिनं पहिलं चित्र उघडलं. रात्रीतून वारा फिरला होता. दादाचं गाव लख्ख होतं. धूर तळ्याभोवतीच्या टेकड्यांमध्ये, खळग्यात पाणी साचावं तसा साचला होता. मावशीचं घर त्याच्या खाली कुठंतरी होतं.

दादानं फोन उचलला नाही. मावशीनं उचलला.

"पहाटेच दवाखान्यात नेलं गं त्यांना. आम्ही खिडक्या उघड्या टाकून झोपलो होतो. तूच म्हणालीस ना, इथली हवा चांगली आहे."

मावशीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

तिनं तळ्याभोवती रेघ ओढली, इशारा पाठवला आणि मगच निघाली. दवाखान्यात आप्पांच्या तोंडावर मास्क होता. बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसता तिचा हात थोपटला. दुसऱ्या दिवशी ते गेले.

"तुझं ऐकलं नसतं तर..." दादा म्हणाला.

"अहो, पुरे," वहिनीनं त्याला गप्प केलं. त्यानंतर तो धाकटीशी बोललाच नाही.

वणवा धुमसतच होता. महिन्याभरानं, ती कामावर असताना, दादाचा फोन आला.

"पोरगी खोकतेय. आमच्याकडे येतोय का धूर?"

तिनं चित्र नीट पाहिलं. "आत्ता तरी नदीपलीकडे आहे. पण रात्री कुठं जाईल, ते मला दिसणार नाही, दादा."

"मग खिडक्या लावून घेतो," तो म्हणाला.

"हो. आणि फटींना ओली फडकी लाव."

"बरं."

बोलणं तिथंच संपलं. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.