बिनडोळ्यांची पलटण

पेंटरने टेबल मांडायला घेतलं त्याला तिसरा आठवडा लागला होता, आणि टेबलावर अजून रंगाचा एक थेंबसुद्धा सांडला नव्हता.

पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, शाळेच्या भिंती यांतच त्याची चाळीस वर्षं गेली. तीन वर्षांपूर्वी त्याने काम सोडलं. छापील फ्लेक्स आले, हाताने काढलेलं अक्षर आता कुणाला हवंय, असं तो सांगायचा. ते खरंच होतं, म्हणून पुढे कुणी विचारलं नाही. त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता, ही गोष्ट मात्र त्याने कुणाला कळू दिली नव्हती. बायकोलाही नाही.

हे सगळं उकरून काढलं मेहुण्याने. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्याला युद्धाचं वेड लागलं होतं. खऱ्या नव्हे, टेबलावरच्या. वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये दर रविवारी क्लबातली दहा-बारा मोठी माणसं जमायची, करंगळीच्या दोन पेरांएवढे शिपाई टेबलावर मांडायची, टेपने अंतर मोजायची, फासे टाकायची आणि एकमेकांशी कडाकडा भांडायची. आता तिथे सामने होते आणि सामन्यात रंगवलेलीच फौज चालणार होती. मेहुण्याची फौज कारखान्यातून आली तशी राखाडी होती. त्याने छाती काढून सांगून टाकलं, की आमचे दाजी रंगवणार.

"दाजी, तुम्ही दहा फुटी वाघ काढलेला माणूस," त्याने खोका टेबलावर ठेवत म्हटलं. "हे तर झुरळाएवढे आहेत."

"त्या वाघाचा डोळा ताटाएवढा होता. याचा डोळा कुठंय, दाखव बघू."

मेहुण्याने खिशातून भिंग काढून दाखवलं. पेंटरने ते हातात घेतलं नाही.

"आधी मांडणी," तो म्हणाला. "मांडणी नीट झाल्याशिवाय मी ब्रश हातात घेत नाही."

मग मांडणी सुरू झाली. उजेड डावीकडून हवा म्हणून टेबल खिडकीशी गेलं आणि बायकोचं शिलाई मशीन पॅसेजमध्ये हाकललं गेलं. तिथे तिला खेकड्यासारखं आडवं बसून शिवावं लागायचं. टेबलाच्या पायांखाली विटा आल्या, कारण कोपरं छातीच्या उंचीला टेकायला हवीत. वरती एक जुनी पाटी उलटी करून टाकली. ती एका केशकर्तनालयाची होती, दुकान उघडायच्या आधीच मालक पळाला होता. हाताची सावली पडू नये म्हणून दोन बाजूंना दोन दिवे लागले. रंग वाळू नये म्हणून डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर. वीस शिपाई बाटल्यांच्या वीस बुचांवर चिकटवले, म्हणजे धरायला सोपे. रंगाच्या बाटल्या आधी रंगाप्रमाणे लावल्या, मग उंचीप्रमाणे, मग पुन्हा रंगाप्रमाणे.

"आपल्या लग्नात एवढी मांडामांड नव्हती," बायको म्हणाली. "नवरा मुलगा कधी येणार?"

शेवटी लावायला काहीच उरलं नाही, तेव्हा त्याने ब्रश उचलला.

कोट झाले, बूट झाले. शिपायांच्या खांद्यांवरची केसाळ पांघरुणं तर झकास झाली. जवळजवळ कोरडा ब्रश नुसता फिरवायचा, उंचवट्यांवर रंग आपोआप बसतो. त्याला थरथरता हात जास्तच मानवतो. पेंटर शीळ घालायला लागला. मग चेहरा आला.

पहिल्या शिपायाचा एक डोळा गालावर गेला आणि दुसरा नाकाच्या शेंड्यावर. गडी लढाईला नव्हे, सर्दीचं औषध आणायला निघाल्यासारखा दिसत होता. पेंटरने पुसलं. पुन्हा काढले. आता दोन्ही डोळे एकाच बाजूला आले.

त्याने दार लावून घेतलं. बोटांमध्ये थोडी पुट्टी मळली आणि शिपायाला नाकापर्यंत टोपी घातली.

टोपी इतकी बेमालूम बसली की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. पाट्यांवरची फुलं आणि घोडे त्याने पुट्टीनेच तर उठावाचे केले होते, आणि मळायला हात स्थिर लागत नाही. दुसऱ्याच्या डोक्याला पट्टी बांधली, डोळ्यांसकट. तिसऱ्याची ढाल कापून तोंडासमोर चिकटवली. एकाची मुंडी कटरने उडवून उलटी बसवली, तो आता घरी काही विसरल्यासारखा मागे बघत होता. एक शिंकत होता. तिघं मान खाली घालून बूट शोधत होते.

मेहुणा बघायला आला आणि नाचायचाच बाकी राहिला.

"दाजी! कारखान्यातून आलेले वाटतच नाहीत हे! असली काटछाट क्लबात कुणाला जमत नाही."

बायको चष्मा लावून वाकली. तिने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पलटण तपासली.

"यांना शत्रू दिसतो कसा?" तिने विचारलं.

"वासाने," पेंटर म्हणाला.

मेहुण्याने खिशातून रुमालात गुंडाळलेला सेनापती काढला. बोडका, लांब मिशांचा.

"याला मात्र कटर लावायचा नाही. परीक्षक सेनापतीचा चेहरा भिंगाखाली बघतात. परवा सामना आहे, तर मी म्हटलं बसतोच इथे. रंगवा, मला बघायचंय."

पेंटरने सेनापतीला बुचावर चिकटवलं. दिवा सरकवला. दुसरा दिवा सरकवला. बाटल्या उंचीप्रमाणे लावायला घेतल्या.

"यालाही जरा टोपी..."

"टोपी नाही, दाजी."

"ऊन असतं रे रणांगणावर."

"अहो," बायको म्हणाली, "तीन वर्षं चहाचा कप तुम्ही डाव्या हाताने घेता. शर्टाची बटणं बाथरूममध्ये दार लावून लावता. मला काय, या पलटणीसारखी पुट्टी फासलीय डोळ्यांवर? सांगा त्याला हात कापतो म्हणून."

 मेहुण्याने पेंटरच्या हाताकडे पाहिलं. हात पाटीवर होता आणि ब्रशाचं टोक एकटंच टकटक करत होतं.

"मग आधी सांगायचं ना!" मेहुणा ओरडला. "मी क्लबात सांगत सुटलोय की ही अंधारात लढणारी खास तुकडी आहे! लोक माझे पाय धरायचे बाकी आहेत!"

बायकोला हसू फुटलं. पेंटरला संताप आला, आणि त्या संतापातच त्याने दोन्ही कोपरं टेकवली, मनगटं एकमेकांवर दाबली आणि ब्रश सेनापतीच्या तोंडाशी नेला. थरथर जुन्या बसच्या इंजिनासारखी होती. धडधडायची, मधेच एक क्षण थांबायची, पुन्हा धडधडायची. त्याने तो थांबा गाठला. एक डोळा बसला. दुसरा घसरला.

"तिरळा झाला," बायको म्हणाली.

"असू दे, असू दे," मेहुणा घाईने म्हणाला. "कुणावर चालून येतोय ते समोरच्याला कळणारच नाही. छान आहे, दाजी."

आता मेहुण्याने खोटं कौतुक करायचं आणि ते आपण ऐकून घ्यायचं, हे पेंटरला हातापेक्षा जास्त झोंबलं. त्याने ओलं फडकं घेऊन डोळा पुसला.

"गप्प बसा दोघं," तो म्हणाला. "हात थांबतोय. मधे मधे थांबतो."

कुणी हललं नाही. दुसऱ्या खेपेला डोळा कपाळात गेला, तिसऱ्या खेपेला मिशीत. चौथ्या खेपेला सेनापतीने सरळ समोर पाहिलं. मेहुण्याने भिंग लावलं, बराच वेळ लावून ठेवलं, आणि या वेळी कौतुकाचा शब्द काढला नाही.

पेंटरने ब्रश उजव्या हातानेच धुतला. पाणी पाटीभर हिंदकळलं, त्याने सांडू दिलं. मग ओळीतला पहिला शिपाई उचलून त्याने टोपीच्या कडेखाली कटर घातला.

"अहो, काय करताय? परवा सामना आहे!"

"खाली चेहरा आहे याला."

कडक झालेली टोपी कर्र करून निघाली, जाताना नाकाचा शेंडाही घेऊन गेली. पेंटरने ते नाक बोटाच्या टोकावर घेतलं आणि बायकोने न सांगताच पुट्टीचा डबा पुढे केला.

"असा बघत काय उभा राहिलास?" ती भावाला म्हणाली. "बूच धर. घट्ट."