हिंगणीच्या कोठ्यातला रिकामा कोश

मित्रांनो, मी एक जुना कोश आहे. रिकामा, तपकिरी, तांदळाएवढा. माझ्यातून माशी निघाली ती ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात, हिंगणीच्या एका गुरांच्या कोठ्यात. नाक दाबलंत ना? दाबा. माणसांची नाकं मी पाहिली आहेत. कोणी मेल्याशिवाय ती कामाला लागत नाहीत.

त्या शेतातल्या कोठ्यात म्हातारा डोमाजी एकटाच राहायचा. तो पडला, डोकं फुटून गेला, तेव्हा त्याला भेटायला पहिली आली ती माझी आई. तिने अंडी घातली. मी अळी झालो, पोटभर खाल्लं, त्याच्या घोंगडीखाली शिरून कडक कोश झालो. आठवडा उलटला. एकही माणूस डोकावला नाही.

मंगळवारी वास गावात पोचला आणि सगळ्यांना डोमाजीचा उमाळा आला. शेवटचं कोणी पाहिलं, पोलीस जमादाराने विचारलं.

"परवाच्या बाजारात माह्याच दुकानातून तंबाखू नेला नं त्यानं!" भैय्याजी दुकानदार डोळे पुसत म्हणाला.

"मले तं काल राम राम केला," शेजारच्या शेतातल्या कौशल्याबाईने त्याच्यावर कडी केली.

मयताच्या दारी असंच बोलायची रीत आहे; ज्याची भेट जितकी ताजी, तो तितका जवळचा. जमादाराने ती रीत जबाब म्हणून लिहून घेतली. एवढा कुजला कसा, तर म्हणे ऊन लागलं.

अडकली डोमाजीची विधवा सून देवकाबाई. शेतावरून तिचं सासऱ्याशी भांडण होतं. महिनाभर माहेरी राहून ती रविवारी परतली होती.

"रविवारी धडधाकट, मंगळवारी मुडदा. मग हिनंच मारलं!" जमादाराने निकाल दिला.

"माह्या सासऱ्याले मी काऊन मारू जी?" ती रडत राहिली. गाव ऐकत राहिलं.

मुडदा तपासायला आलेले डॉक्टर प्रभाकरराव माझ्या दोन भावंडांवर बूट ठेवूनच आत शिरले. मोठी माणसं! पण मग त्यांनी घोंगडी उचलून मला चिमट्यात धरलं.

"ह्यातली माशी उडून गेलीय. अंड्यापासून इथवर यायला आठवडा तरी लागतो. म्हणजे हा गेला तेव्हा सून माहेरी होती. मग परवा बाजारात कोण आलं होतं, भैय्याजी?"

"आता साहेब... मेल्या माणसाबद्दल तसं बोलाच लागते नं."

"ती बाई फासावर गेली असती!"

भैय्याजी तंबाखू मळू लागला.

उंबऱ्याच्या दगडावर डोमाजीचं डोकं आपटल्याचं रक्तही सापडलं. देवकाबाई सुटून आली तेव्हा कौशल्याबाई सगळ्यांच्या पुढे. "मले तं पहिल्यापासूनच मालूम होतं!"

मी डॉक्टरांच्या कपाटात बाटलीत गेलो. थोडं कौतुक झालं, मग धूळ बसली. ती पुसा असं मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, तुमच्या गल्लीतही कोणी एकटं राहत असेल. त्याची कडी वाजवत जा. तुम्ही गेला नाहीत म्हणून त्याच्याकडे कोणी जाणार नाही, असं समजू नका. आमच्या माशा कधी उशीर करत नाहीत.