मुक्या साडूभाऊंच्या तीन ओळी

फर्निचरच्या त्या कारखान्यात मालकाशी बोलायचं ते मिस्त्रींनीच, हा वीस वर्षांचा शिरस्ता. करवतीचं मशीन चालू असलं तरी त्यांचा आवाज दारापर्यंत जायचा. चहाच्या सुट्टीत ते फळ्यांच्या थप्पीवर चढत, दोन खणखणीत वाक्यं टाकत, की वाद मिटला. त्यांचे साडू तिथेच पॉलिशचं काम करत. ते कोपऱ्यात बसून नुसती मान हलवायचे. त्यांना सगळे 'मुके साडूभाऊ' म्हणत. हे नावही मिस्त्रींनीच ठेवलेलं.

मग गाद्या शिवणाऱ्या मावशींनी फोनवर चौदा जणांचा ग्रुप काढला आणि मुक्याला वाचा फुटली. पॉलिशचा एक हात सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही. तेवढ्या वेळात साडूभाऊ लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत. मिस्त्रींना अशी उसंत कुठली? ते मशीनपाशी उभं राहून फोनमध्ये चार-चार मिनिटं बोलायचे आणि तेच पाठवून द्यायचे.

"मिस्त्री, तुमचा निरोप ऐकला," मावशी म्हणाल्या. "करवत फार छान बोलली."

सगळे हसले. मिस्त्रीही हसले, पण ते हसू ओठांपुरतंच.

त्यात भुसा ओढणारा पंखा बंद पडला. महिना झाला तरी मालक नवा आणेना. ज्याला त्याला खोकला. ग्रुपवर नुसता कालवा चालला होता. तेव्हा साडूभाऊंनी तीन ओळी टाकल्या: 'सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. तेवढाच भुसा आमच्या छातीत जातो. टेबल निदान पुसता येतं.'

कालवा थांबला.

मिस्त्री घरी आल्यावर त्यांची बायको म्हणाली, "ताईने मला पाठवलंय. काय लिहिलंय हो भाऊजींनी! दोनदा वाचलं."

"आणि मी बोललो ते?"

"ऐकायला घेतलं होतं. मध्येच भांडी घासायची आठवली."

मिस्त्रींच्या मनात आलं: ज्याला आपण बोट धरून कामाला लावलं, तो आता आपल्याच घरात वाचला जातो.

मालकाकडे कोणी जायचं याची मतंही ग्रुपवरच घेतली. साडूभाऊंना बारा, मिस्त्रींना दोन. त्यातलं एक त्यांचं स्वतःचं. दुसरं साडूभाऊंनी दिलेलं आहे हे कळलं, तेव्हा तर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"सोबत चला," साडूभाऊ म्हणाले. "मालकासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते."

चिकटू दे की, असं मनात म्हणत मिस्त्री निघाले.

आणि चिकटलीच. "म्हणजे... तो पंखा..." एवढं बोलून साडूभाऊ कानापर्यंत लाल झाले. मिस्त्रींनी ती शांतता चवीने चाखली. आता आपली पाळी, म्हणून घसा खाकरला, तोच साडूभाऊंनी त्या तीन ओळी उघडून फोन त्यांच्या हातात दिला.

"तुम्ही वाचा. तुमच्या आवाजात."

नाही कसं म्हणणार? वाचलं. मध्ये आपलं एखादं वाक्य सारायचा बेत होता, पण फळीला फळी अशी बसलेली की पाचर मारायला फट नाही.

मालकाने आपल्या टेबलावरून बोट फिरवलं आणि त्या बोटाकडे पाहत राहिला. "शनिवारी नवा पंखा बसेल," तो म्हणाला. "लिहिलंय कोणी?"

"सगळ्यांनी मिळून," मिस्त्री बोलून गेले.

साडूभाऊंनी मान हलवली.

संध्याकाळी ग्रुपवर साडूभाऊंनी लिहिलं: 'आजचं काम मिस्त्रींच्या आवाजाने झालं. माझ्याने झालं नसतं.' त्याखाली भराभर अंगठे उमटले. मिस्त्रींनी मोजले, बारा. कौतुक त्यांचं, अंगठे मात्र साडूभाऊंच्या वाक्याला.

"किती मोठ्या मनाचे हो भाऊजी," बायको म्हणाली. "तुम्ही अंगठा दिला नाही?"

"हात खरकटा आहे," मिस्त्री म्हणाले. जेवण अजून वाढलंही नव्हतं.