खळ्यावर निवडलेला पटर

मित्रांनो, कोंबड्या हाकायच्या काठ्यांत उभा असलेला मी एक जुना पटर आहे. गोल्फच्या खेळात चेंडू हिरवळीवरून भोकापर्यंत हळूच लोटायचा, एवढंच माझं काम. काठीच्या टोकाला चेंडूला लागणारं माझं डोकं पोकळ, म्हणून मी अंगाने हलका. धाटावच्या एका कंपनीच्या क्लबात आलो तेव्हा साहेब लोक मला हातात फिरवून म्हणायचे, "वा, काय हलका आहे!" आणि मी फुगून जायचो.

त्याच कंपनीत पद्मजाताई इंजिनीअर होत्या. क्लबाच्या संघात तोवर एकही बाई नव्हती. संघ निवडणारे हैबतराव त्यांना म्हणाले, "चाचणीत चेंडू भोकात घालून दाखवा, जागा तुमची." ताईंचा नेम सरळ होता, पण अंतर चुकायचं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत क्लबातले दोन पटर घेऊन त्या पेणजवळच्या गावी, सासरी गेल्या. एक मी, दुसरा जड डोक्याचा.

भात झोडायचं खळं नुकतंच चोपून, शेणाने सारवून तयार होतं. ताईंनी टोकाला धान्य मोजायचं एक मापटं आडवं ठेवलं आणि तिथेच सराव मांडला. त्या गुळगुळीत जमिनीवर जड पटराचा चेंडू मापट्याला धडकून उडायचा. माझा अलगद आत जाऊन बसायचा. खळं सारवणारी मालू म्हणाली, "ह्योच घे गो वयनी. त्यो जड काय ऐकत नाय." ताईंनी मलाच निवडलं. मला कोण आनंद झाला!

चाचणीच्या दिवशी क्लबाची हिरवळ दाट होती, दवाने भिजलेली. ताईंनी मारलेला चेंडू भोकाच्या अलीकडेच थांबला. दुसराही तसाच.

"बाईंच्या हाताला जोरच नाही हो," हैबतराव हसत म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ताई नुसत्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मित्रांनो, धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. गवताला पुरा पडलो नव्हतो मी, आणि बोल लागला त्यांच्या हाताला. मला तोंड असतं तर तिथेच ओरडलो असतो.

पुढच्या रविवारी ताई दोन्ही पटर घेऊन त्याच हिरवळीवर आल्या. जड पटराचा चेंडू थेट भोकात गेला. त्यांनी कपाळाला हात लावला. "खेळायचं गवतावर आणि पारख केली खळ्यावर! माझंही डोकं बघा."

पुढच्या वर्षीच्या चाचणीत त्यांनी जड पटर घेतला आणि चेंडू भोकात घातला. हैबतराव म्हणाले, "पटर चांगला आहे."

क्लबाने टाकून दिल्यावर ताईंनी मला गावी आणलं; आता मी त्याच खळ्याच्या कडेला असतो. मालू मला घेऊन कोंबड्या हाकते आणि म्हणते, "हलका हाय, बरा हाय." ते ऐकलं की मी अजून शरमतो.

मित्रांनो, आम्हाला निवडाल तर जिथे वापरायचं तिथेच पारखून निवडा. आणि चेंडू अलीकडे राहिला, तर हाताला नावं ठेवण्याआधी एकदा आमच्याकडे बघा. जमलं तेव्हा मात्र आधी हाताचं नाव घ्या.